मधलं बटण हवं की चाक चालेल? तीन बटणांच्या माउसवर एकदा भांडून घेऊ

भोसरीकर

आमच्याकडे गाड्यांच्या पत्र्याच्या भागांचं डिझाइन चालतं. दिवसभर कॅटिया, एखाद्या ग्राहकासाठी एनएक्स (दोन्ही त्रिमितीय डिझाइनची सॉफ्टवेअर). नवीन माउस घ्यायचे ठरलेत आणि नेहमीप्रमाणे यादीत आलाय तोच दोन बटणं आणि मध्ये चाकवाला. माझं म्हणणं असं की ज्याला मधलं बटण *दाबून धरावं* लागतं, त्याने चाकाला मधलं बटण मानूच नये. त्याला चाकापासून वेगळं, सपाट, तिसरं बटण हवं.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅटिया व्ही५ मध्ये मधलं बटण धरून माउस हलवला की मॉडेल सरकतं. मधलं धरलेलं असतानाच उजवं किंवा डावंही धरलं की मॉडेल फिरतं. मधलं धरून दुसरं नुसतं टिचकवून सोडलं की झूम. म्हणजे एका हाताच्या दोन बोटांनी, एक बटण न सोडता, तीन कामं. हे दिवसभर चालतं. माउस सरकवणं हे आमचं अर्धं काम, आणि ते सगळं मधल्या बटणावर उभं आहे.

आता हेच चाकावर करून बघा. चाक बाकीच्या बटणांपेक्षा वर आलेलं असतं, त्यामुळे बोट उचलून ठेवावं लागतं. दाबायला जोर जास्त. दाबून धरलेलं असताना ते खाली सरकायचा प्रयत्न करतं, म्हणून बोट आणखी आवळलं जातं. संध्याकाळी हाताच्या वरच्या बाजूला रग लागते ती यामुळेच.

कॅटिया, प्रो-इंजिनिअर ही डिझाइनची सॉफ्टवेअर वाढली युनिक्स वर्कस्टेशनवर, म्हणजे अशा कामासाठीच्या ताकदवान संगणकांवर, तिथे माउसला तीन सरळ बटणं असायची. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा चाकवाला इंटेलिमाउस आला, चाक लोकांना आवडलं (मलाही आवडतं, वेबपानं वाचायला), आणि मधली जागा त्याने कायमची घेतली. सॉफ्टवेअरच्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या. भार बोटावर आला.

खटपट्या

असहमत. चाक वाईट नाही, तुमच्या ऑफिसने घेतलेलं चाक वाईट आहे.

चाकाखाली बहुतेक माउसमध्ये एक छोटा वेगळा स्विच असतो, डाव्या-उजव्या बटणांखाली असतो तसा नाही. तो कडक की मऊ हे कंपनीगणिक बदलतं. मी दुकानात माउस घेताना एकच परीक्षा करतो: चाक फिरू न देता ते दाबून धरायचं आणि धरूनच माउस चौकोनात फिरवायचा. बोट पांढरं पडलं की परत ठेवायचा. याने निम्मे माउस तिथेच बाद होतात. उरलेल्यांत रुंद, रबरी, दातेरी खाचा ठळक असलेलं चाक घ्या, ते दाबताना घसरत नाही.

दुसरं, बहुतेक बऱ्या माउसला अंगठ्यापाशी दोन बटणं येतात. त्यातलं एक सेटिंगमधून मधलं बटण करून टाका. लिनक्सवर तर एक ओळ टाइप करून होतं. चाक फक्त फिरवायला ठेवा. झालं तिसरं बटण, तेही चालू माउसमध्ये. वेगळ्या जातीचा माउस शोधत कशाला हिंडायचं?

भोसरीकर

अंगठ्याची युक्ती ऐकायला छान आहे. अडचण अशी की माउस *धरलेला* असतो तोच अंगठ्याने. धरणारं बोटच दाबायला लावलं तर दाबताना माउस बाजूला ढकलला जातो. वेबपानावर मागे जाण्यासाठी ठीक, तिथे माउस हलवायचा नसतो. आम्हाला दाबून ठेवून हलवायचं असतं. पृष्ठभागाची कड निवडताना तेवढा ढळ पुरतो, चुकीची कड लागते.

आणि सेटिंगचं म्हणाल, तर आमच्याकडे ग्राहकाच्या ड्रॉइंगमुळे मशिनं कुलूपबंद. माउसचं सॉफ्टवेअर टाकायला आयटीवाल्यांची परवानगी, त्यांना ग्राहकाची परवानगी. वेगळं बटण असलेला माउस लावला की लगेच चालतो, कोणाच्या पाया पडायला नको.

मनगटवाली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे दोघांवरही थोडी नाराज होऊन लिहितेय. चाक की बटण यावर इतकं बोलताय, माउसच्या *मापाबद्दल* कोणी एक शब्द नाही.

चप्पल घेताना आपण माप बघतो, माउस मात्र सगळ्या ऑफिसला एकच. मोठ्या हाताला छोटा माउस दिला की तळवा टेकत नाही, बोटं वाकडी होऊन नखांनी क्लिक होतात. छोट्या हाताला मोठा दिला की मधल्या बटणापर्यंत पोचायला मनगट वर उचलून ताणलं जातं. दोन्हीत स्नायू सतत आवळलेले. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते (टेनिस एल्बो म्हणतात त्याला) म्हणून माझ्याकडे येणारे बरेच जण सांगतात "टेनिस तर मी खेळत नाही". खेळत नसाल, पण मनगट वर करून बोटं अधांतरी धरून बसता ना तासन्‌तास.

दुसरी गोष्ट नंबर पॅड. कीबोर्डच्या उजवीकडे अंकांचा पट्टा, त्याच्या पलीकडे माउस, म्हणजे दंड शरीरापासून लांब. खांदा दुखतो आणि दोष माउसला. नंबर पॅड नसलेला कीबोर्ड घेतला की माउस आपोआप आत सरकतो. बऱ्याचदा याने जो फरक पडतो तो महागड्या माउसनेही पडत नाही.

भोसरीकर, रग लागते इथवर ठीक. बोटांत मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर माउस बदलण्याआधी डॉक्टरकडे जा.

भोसरीकर

ताई, मापाचं शंभर टक्के मान्य. नंबर पॅडचं मान्य नाही. आम्ही मिमीमध्ये आकडे टाकतो सारखे, ७३.२५, १४०.५. वरच्या ओळीतून टाकायला लावलं तर अख्खी टीम संप करेल.

मनगटवाली

मग नंबर पॅड वेगळा मिळतो, तो डावीकडे ठेवा. संप टळेल.

टर्मिनलातला

भोसरीकरांना +१, पण वेगळ्या कारणाने. मी लिनक्सवर प्रोग्रामिंग करतो. एक्स विंडोमध्ये (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) मजकूर नुसता निवडला आणि मधलं बटण दाबलं की तो तिथे चिकटतो, कॉपी-पेस्टच्या कळा दाबायची गरजच नाही. एकदा सवय लागली की विंडोजवर हात पांगळा वाटतो.

आता ही सोय चाकावर किती धोक्याची आहे ते बघा. लॉग वाचायला चाक फिरवताय, बोट जरा जोरात पडलं, की आधी निवडलेलं जे काही असेल ते टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत. किंवा चॅटच्या खिडकीत, आणि निवडलेला होता पासवर्ड. टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामच्या ५.१ आवृत्तीपासून (२०२०) चिकटवलेला मजकूर एंटर दाबेपर्यंत आपोआप चालत नाही, म्हणून निदान टर्मिनल बरंच वाचतं. चॅटला तसं काही नाही. फिरवायचं आणि दाबायचं एकाच वस्तूने करणं हीच मुळात गडबड आहे.

थिंकपॅड लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये माउससारखं चालणारं लाल टोपण असतं, त्याच्याखाली तीन खरी बटणं असतात, लॅपटॉपवर त्याइतकं बरं काही नाही. २०१३ च्या टी४४० मध्ये लेनोव्होने ती काढून टचपॅडमध्ये मिसळली, वापरणारे इतके चिडले की २०१५ च्या टी४५० ला परत आणावी लागली. लोकांना मधलं बटण नको असतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आगाऊ

तुम्हा सगळ्यांना तीन कशाला लागतात तेच कळत नाही. ॲपलने १९८३ मध्ये लिसा संगणकाबरोबर एक बटण दिलं आणि माणसं जगली की. वेबपानं, मेल, एक्सेल. मधलं बटण माझ्या आयुष्यात एकदाच कामी येतं, लिंक नव्या टॅबमध्ये उघडायला.

टर्मिनलातला

"एकदाच" कामी येतं आणि दिवसभर टॅब उघडता ना त्याने? टॅबवर मधलं बटण दाबलं की टॅब बंदही होतो, हे घ्या, दोनदा झालं.

आणि इतिहासच काढलात तर माउसचा जनक डग्लस एंगेलबार्टने डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला माउस जगाला दाखवला तेव्हा त्याला तीन बटणं होती. नंतर झेरॉक्सच्या आल्टो संगणकाच्या माउसलाही तीनच. एक बटण हा पुढे नवख्यांसाठी केलेला बेत. आम्ही नवखे नाही.

डावरी

इथे कोणी उजव्या हाताशिवाय विचार केलेला दिसत नाही, म्हणून येतेय.

"आरामदायी" म्हणून जे माउस विकले जातात ते जवळजवळ सगळे उजव्या तळव्याच्या आकाराचे. डाव्या हातात घेतले की अंगठ्याची खोबण करंगळीला येते. खटपट्यांची अंगठ्यापाशी असलेली बटणं माझ्या करंगळीने दाबायची का? जुने सपाट, दोन्ही बाजूंनी सारखे असलेले तीन बटणांचे माउस दिसायला कसेही असोत, माझ्या हाताला चालायचे. उजवं-डावं सेटिंगमधून बदललं की मधलं बटण मध्येच राहतं. त्यामुळे मला सपाट तिसरं बटण हवं, आणि आकार नको.

उभा माउस वापरते आता. हात हस्तांदोलनाला पुढे करतो तसा राहतो, मनगट पिळलं जात नाही. इव्होल्युएंट कंपनीचा डाव्या हाताचा मिळतो, त्याला बोटांखाली तीन खरी बटणं आहेत, चाक वेगळं. पण सांगते, बारीक काम करताना त्यावर अचूकता यायला वेळ लागतो. शिवाय क्लिक करताना जोर आडवा पडतो, हलका असेल तर माउसच सरकतो. भोसरीकर, तुमच्या कड निवडायच्या कामाला आधी उसना घेऊन बघा.

खटपट्या

डावरी यांचा मुद्दा घेतला, अंगठ्याची बटणं सगळ्यांसाठी नाहीत. पण मूळ वाद तिथेच आहे. वेगळं मधलं बटण असलेले माउस बाजारात आहेत किती? थ्रीडीकनेक्शनचा कॅडमाउस, काँटूरचे मापाप्रमाणे येणारे, उभ्यांत एखाद-दुसरा. गल्लीतल्या दुकानात यातलं एकही नाही. मागवायचा, आठ दिवस थांबायचं, बसला नाही तर परत पाठवायचा. "उसना घेऊन बघा" म्हणायचं, आणि सुचवायची हात ठेवायलाच न मिळणारी वस्तू.

आणि एनएक्सवाले एक सांगा. तिथे चाक फिरवून झूम आणि दाबून फिरवणं, बोट जागचं हलत नाही. वेगळं बटण घेतलं की बोट चाकावरून बटणावर, बटणावरून चाकावर. ही ये-जा मोजलीत का?

भोसरीकर

एनएक्समध्ये मधलं टिचकवलं की ओके होतं, हे विसरलात. झूमला जाताना चाक चुकून दाबलं गेलं की अर्धवट भरलेला डायलॉग ओके होऊन बंद. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उलटं: मॉडेल फिरवायला चाक दाबायला गेलो की आधी एक खाच फिरते आणि झूम उडी मारतं. बोटाची ये-जा मला परवडते.

खरेदीखातं

मी यादी करणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे इथला खलनायक. साधा चाकवाला माउस बिघडला की त्याच दिवशी दुसरा देतो, कपाटात पेटी असते. तुम्ही म्हणता तो कित्येक पट महाग, बिघडला तर वॉरंटीला जाणार, तोवर माणूस बसून. आणि एकाला दिला की हिशोबवालेही मागणार.

भोसरीकर

हिशोबवाल्यांना देऊ नका, त्यांना चाकच हवंय, लांबलचक शीट वरखाली करायला. ज्या मशिनवर कॅटियाचं लायसन्स आहे तेवढ्यांनाच द्या. त्या लायसन्सला लाखांत मोजता ना, मग ते चालवणाऱ्या हाताला काही हजार जड का होतात?

मनगटवाली

आणि द्यायचाच असेल तर आधी प्रत्येकाच्या हाताची लांबी घ्या, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पट्टी कपाटात असेलच.

खरेदीखातं

पट्टी आहे. दोन मागवतो, एक मोठा, एक छोटा. डावखुरं कोणी आहे का तुमच्याकडे?

भोसरीकर

एक आहे. बिचारा उजव्याच हाताने चालवतो, ऑफिसात डाव्याचा मिळत नाही म्हणून. कॅडमाउसचा डाव्या हाताचा निघतो, तोही लिहा.

खटपट्या

लिहा. पण मागवलेल्यांवर चौकोनाची परीक्षा मी घेणार, आणि शेजारी माझा रबरी चाकवाला ठेवून. भोसरीकरांनी घ्यायची नाही, त्यांचा निकाल आधीच लागलेला आहे.