ग्रेटिंगवर वितरित लोड: प्रेशर नेमकं कुठल्या क्षेत्रफळावर द्यायचं?

नोडकर:
प्लॅटफॉर्मच्या ग्रेटिंगचं (पायाखालच्या लोखंडी जाळीचं) एक पॅनेल फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये सॉलिड (त्रिमितीय) एलिमेंटने केलंय. बेअरिंग बार (लोड पेलणाऱ्या उभ्या पट्ट्या) ३२×५ मिमी, ३० मिमी पिचने (मध्य ते मध्य), स्पॅन १.२ मी., रुंदी १ मी. लाइव्ह लोड ५ किलोन्यूटन/चौ.मी. बारांच्या वरच्या कडांवर प्रेशर दिलं. ६ किलोन्यूटन यायला हवेत, पण रिअॅक्शनची (आधारांवर येणाऱ्या बलांची) बेरीज जेमतेम १ भरते. वरून पातळ डमी प्लेट टाकावी का? आणि स्टाडमध्ये (स्ट्रक्चर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) अख्खा प्लॅटफॉर्म करताना हाच लोड बीमवर कसा द्यायचा?

गर्डर:
सॉफ्टवेअर प्रेशरला निवडलेल्या क्षेत्रफळाने गुणतं, बाकी त्याला काही कळत नाही. दर ३० मिमीत ५ मिमीच लोखंड आहे, म्हणून लोड सहावा हिस्सा झाला. प्रेशर ५ × ३०/५ = ३० द्या, किंवा सरळ त्या कडांवर एकूण ६ किलोन्यूटन फोर्स द्या.

खरं तर इथे सॉलिडची गरजच नाही. बार बीम एलिमेंटने करा आणि प्रत्येकावर ५ × ०.०३ = ०.१५ किलोन्यूटन/मी. द्या. हाताने ताळा: मोमेंट ०.०२७ किलोन्यूटन-मी., स्ट्रेस सुमारे ३२ एमपीए, डिफ्लेक्शन दीड मिमी. स्पॅन/२०० म्हणजे ६ मिमी, त्यामुळे निवांत बसतं.

डमी प्लेट नको. बारांशी नोड जोडले की ती बारांची टॉप फ्लँज होऊन बसते आणि डिफ्लेक्शन खोटं कमी दिसतं. तिचा ई (स्थितिस्थापकता गुणांक) अगदी कमी ठेवला तर दोन बारांमध्ये ती झोळीसारखी लोंबते आणि प्लॉटची सगळी स्केल तीच खाते. फूटप्रिंटचा (पाऊल किंवा चाक टेकतं तेवढ्या जागेचा) लोड पसरवायचाच असेल तर आरबीई३ (ताठरपणा न वाढवता लोड नोडांवर वाटणारा जोड) वापरा. आरबीई२ ने बार एकमेकांशी ताठ बांधले जातात.

ट्रसवाला:
स्टाडबद्दल. ग्रेटिंग एकाच दिशेने लोड नेतं, म्हणून फ्लोअर लोड (चारही बाजूंच्या बीमवर वाटला जाणारा) नको, वनवे लोड (समोरासमोरच्या दोनच बीमवर जाणारा) वापरा. १.२ × ३ मी.च्या बेमध्ये (बीमांमधल्या एका चौकटीत) १८ किलोन्यूटन येतात. फ्लोअर लोड त्यातले ३.६ दोन टोकांच्या आखूड बीमवर टाकतो. प्रत्यक्षात तिथे काहीच जात नाही, आणि लांब बीम तेवढे कमी डिझाइन होतात. वनवेने आतल्या बीमवर ६ आणि कडेच्या बीमवर ३ किलोन्यूटन/मी. यायला हवेत. ग्रेटिंगचं स्वतःचं वजन (या साइजला साधारण ०.४५ ते ०.५ किलोन्यूटन/चौ.मी.) डेड लोडमध्ये वेगळं धरा.

नोडकर:
काही बे १.२ × १.२ चौरस आहेत. तिथे दिशा कशी ठरते?

ट्रसवाला:
तिथे प्रोग्रामवर सोडू नका. 'टुवर्ड्स' देऊन मेंबर सांगा, नाहीतर हातानेच यूडीएल (समान वितरित लोड) टाका. आणि कोणी प्रत्येक बेला एकच प्लेट टाकून प्रेशर दिलं असेल तर ते आधी काढा. लोड चार कोपऱ्यांच्या नोडवरच जातो, बीमच्या मध्यावर त्याचा मोमेंट दिसतच नाही. रिअॅक्शन मात्र बरोबर जुळतात, म्हणून ही चूक सहसा सापडत नाही.

वारेमाप:
खालच्या ट्रेसलला (प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या उघड्या सांगाड्याला) वारा लावताना उलट हिशेब: तिथे ग्रॉस (बाहेरच्या चौकटीचं एकूण) क्षेत्रफळ नाही, सॉलिड (प्रत्यक्ष मेंबरांचं) क्षेत्रफळ. वाऱ्याच्या लोडचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ (२०१५) मध्ये सपाट बाजूंच्या मेंबरच्या एकेरी फ्रेमला सॉलिडिटी (सॉलिड भागिले ग्रॉस क्षेत्रफळ) ०.२ असताना फोर्स कोएफिशंट (वाऱ्याच्या दाबाला गुणायचा आकडा) १.८ आहे. स्टाडच्या विंड लोडमध्ये 'ओपन' दिलं नाही तर मेंबरांनी वेढलेलं पॅनेल बंद भिंत धरलं जातं, म्हणजे क्षेत्रफळ पाचपट. 'ओपन' दिल्यावर १.८ आपोआप लागत नाही, तो फॅक्टरमध्ये तुम्हीच घाला. मागच्या फ्रेमचं शिल्डिंगही (पुढच्या फ्रेममुळे मिळणारा आडोसा) वेगळं बघावं लागेल.