केन्शिनचे सिनेमे: कुठल्या क्रमाने बघावेत?

प्रश्न: 'रुरोनी केन्शिन' या जपानी तलवारबाजाच्या अ‍ॅनिमेचे (जपानी अ‍ॅनिमेशनचे) पाचही लाइव्ह-अ‍ॅक्शन, म्हणजे खऱ्या नटांचे, सिनेमे बघायचेत. 'द बिगिनिंग' पूर्वकथा आहे, मग तोच आधी लावू का? आणि 'काउबॉय बिबॉप' या अ‍ॅनिमेवरची लाइव्ह-अ‍ॅक्शन मालिका आपटली, मग केन्शिन कसा चालला?

प्रतिसाद १: आधी अजिबात नको. २०१२चा पहिला, मग २०१४चे दोन (सलग बघा, त्यातला पहिला अधांतरी संपतो), मग २०२१चा 'द फायनल' आणि सगळ्यात शेवटी 'द बिगिनिंग'. केन्शिनच्या गालावरच्या फुलीच्या व्रणाचं कोडं आधीच सुटलं तर बाकीच्यांची गंमत जाते.

प्रतिसाद २: चालला तो मारामाऱ्यांमुळे. त्या केन्जी तानिगाकींनी बसवल्यात. अ‍ॅनिमेत सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी नवी चित्रं बहुतेकदा ८ किंवा १२च असतात. वार झाला की पोज गोठते आणि ते शोभतं. जिवंत माणूस तसाच थांबला की नाटकी वाटतं. इथे पोजवर भर न देता धावणं, घसरणं, वाकून आत शिरणं ठेवलंय. शिवाय साकाबातोची, म्हणजे केन्शिनच्या तलवारीची, धार उलट्या बाजूला, त्यामुळे वार कापण्याऐवजी काठीसारखे बसतात. नीट बघा, समोरचा चिरला जात नाही, कोलमडतो.

प्रतिसाद ३: बिबॉपचा घोळ लांबीत आहे. १९९८च्या अ‍ॅनिमे मालिकेत २६ भाग, प्रत्येक साधारण २४ मिनिटांचा, बहुतेक भागांत एक स्वतंत्र गोष्ट. २०२१च्या लाइव्ह-अ‍ॅक्शनला १०च भाग, पण लांबलचक. वाढलेली जागा खलनायक व्हिशसच्या कारस्थानांनी भरली. मुळात तो मोजक्याच भागांत दिसतो, म्हणून तर त्याचा धाक! संगीत मात्र दोन्हीकडे योको कान्नोचंच.