शब्दचर्चा : जमीन, भुंय, जागा – कोकणात कुठला शब्द कुठे?

वेंगुर्लेकरीण

परवा शेतात राखण दिली, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला वर्षाचा मान दिला. काकांनी नारळ-कोंबडा ठेवून गाऱ्हाणं घातलं : "बा जागेवाल्या म्हाराजा, आज सालाबादपरमाणां तुका जो काय नारळ-कोंबो ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे आणि ह्या लेकरांची, गुरावासरांची राखण कर रे म्हाराजा." आम्ही सगळे मागून "व्हय म्हाराजा!" तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. तेच शेत तलाठ्याकडे 'जमीन' असतं. आजी अंगणात म्हणते, "भुयेर बस." भटजी पूजेत 'भूमी' म्हणतात. गाऱ्हाण्यात मात्र कायम 'जागा'. 'जमीनवाल्या म्हाराजा' असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. शब्दकोशात हे सगळे शब्द एकमेकांच्या अर्थाला दिलेले असतात. मग बोलताना आपण इतकी निवड का करतो? तुमच्याकडे कसं बोलतात?

सावंतवाडीहून

ताई, या शब्दांबरोबर कुठली क्रियापदं येतात ते बघा, बरंच उलगडेल. जमीन मोजतात, कसतात, गहाण टाकतात, विकतात, सोडवून घेतात. भुंयेवर बसतात, निजतात, बाळाला ठेवतात. भुंय विकली असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. आणि जागेची क्रियापदं तर माणसाचीच आहेत : जागा मागते, जागा सोसत नाही, जागा कडक आहे. नवं घर बांधताना कुणी आजारी पडलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "जागेक इचारलास काय?"

आता गंमत वाटेल अशी गोष्ट. 'जमीन' फारसी, हे सगळ्यांना माहीत असतं. 'जागा'सुद्धा फारसीच. संस्कृतातून थेट वंश सांगणारा आपला शब्द 'भुंय', म्हणजे भूमी. पण नैवेद्य जातो जागेला. शब्द कुठून आला यावरून त्याचं सोवळंओवळं ठरत नाही. लोक तो कुठे उच्चारतात त्यावर ठरतं. आणि 'जागा' म्हणजे निजलेला नाही तो, हा वेगळा, आपलाच शब्द. दोन्हींचा वंश निराळा, पण "जागृत जागा" म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही एक झालेले असतात असं मला वाटतं.

याहून मोलाचा शब्द आहे 'कौल'. घराचा पहिला चिरा बसवण्याआधी, विहीर खणण्याआधी आपण देवाला कौल लावतो. देवाच्या पाषाणावर तांदूळ किंवा फुलांचे कळे लावायचे, उजवा पडतो की डावा ते बघायचं. हा शब्द अरबी, अर्थ 'वचन'. जुन्या महसुली कागदांत कौल म्हणजे सरकारनं रयतेला दिलेला अभयाचा, कराराचा लेख. पडीक रान लागवडीला आणणाऱ्याला 'इतकी वर्षं इतकाच सारा' असा कौल मिळायचा. तोच शब्द आपण देवापुढे वापरतो, आणि माझ्या मते त्यात कोकणी माणसाचं मातीशी असलेलं सगळं नातं आहे. जागेचा मालक आधीपासून तिथे आहे. आपण त्याचं कूळ, म्हणजे त्याची जमीन कसणारे. कसायची परवानगी मागायची, आणि वर्षाला नारळ-कोंबड्याचा मान पोचवायचा. सातबारावर नाव चढलं तरी हे कुळाचं नातं सुटत नाही.

चिपळूणकर

दादा, छान लिहिलंत. पण मग परशुरामाचं काय? सभेत, आमंत्रणपत्रिकेत सगळीकडे 'परशुरामाची भूमी' असतं. तिथे 'जागा' कोणी म्हणत नाही.

सावंतवाडीहून

'भूमी' हा बोलण्यापेक्षा म्हणण्याचा शब्द, म्हणून तो सभेत येतो. पण त्या कथेतही तुम्हाला हेच कूळ-मालकाचं गणित सापडेल. परशुरामानं जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान दिली. म्हणून तिचं एक नाव काश्यपी. दान दिलेल्या पृथ्वीवर राहायचा हक्क उरला नाही, तेव्हा त्यानं समुद्राला मागे हटवून स्वतःपुरती नवी भूमी मिळवली. आपल्याकडे बाण मारून, केरळात परशू फेकून. पराक्रमाची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला त्यातली दान पाळण्याची अट जास्त महत्त्वाची वाटते. कालिदासानंही रघुवंशाच्या चौथ्या सर्गात ही आठवण ठेवली आहे : रघूची सेना अपरांत, म्हणजे आपली कोकणपट्टी, जिंकायला निघाली, तेव्हा रामाच्या अस्त्रानं दूर सारलेला समुद्र पुन्हा सह्याद्रीला येऊन टेकल्यासारखा दिसला. तिथला राम म्हणजे परशुराम.

पण गावात आलात की पहिला मान सातेरीचा. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता तीच. तिचं मूळ रूप वारूळ, गोव्यात ज्याला रोयण म्हणतात. वारुळावरच मुखवटा चढवतात, साडी नेसवतात. जवळून बघा कधी : घट्ट, बारीक कणांची माती, कुदळीलाही दाद देत नाही, आणि कुणी आणून टाकलेली नाही. भुंय स्वतः वर आली, अशीच भावना आहे. गोव्यात पर्ये गावी तर देवीचं नावच भूमिका. सकाळी पाऊल टाकण्याआधी 'समुद्रवसने देवि' म्हणतात, त्यात पृथ्वी समुद्र नेसलेली आहे आणि आपण पाय लावतो म्हणून तिची क्षमा मागतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो श्लोक समजावून सांगावा लागत नाही.

राजापूरचा

माझा शब्द 'सडा', म्हणजे कातळाचं उघडं पठार. यावर मला राग आहे, म्हणून लिहितो. आमच्या सड्यावरच्या कातळाला सातबारावर 'पोटखराब' म्हणतात. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. महसुलाच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण हा शब्द कागदावरून हळूहळू माणसांच्या तोंडात येतो, आणि मग "काय ठेवलंय तिथं, नुसतं कातळ" असं आमचीच पोरं म्हणायला लागतात. पावसात त्याच कातळावर फुलांचे गालिचे उठतात, गुरं चरतात, सड्यावर मुरलेलं पाणी खाली वाडीतल्या विहिरीला मिळतं.

आणि कातळशिल्पं! कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच कोरलाय. कडेला उभं राहिलं तर एका नजरेत मावत नाही. सोंड शोधत चालावं लागतं, आणि चालता चालता त्याच्या अंगात कोरलेले मासे, जनावरं दिसायला लागतात. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. 'कातळशिल्प' हा शब्द तसा अलीकडचा. गावात त्याआधी 'पांडवांनी एका रात्रीत काढलं' एवढंच सांगायचे. पण तेवढ्यानंही काम झालं होतं : पांडवांचं म्हटल्यावर त्यावर कोणी पहार चालवायचा नाही. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं शिल्प तर लोकांनी पूजेतच घेतलं आहे. ज्यांनी कोरलं त्यांची भाषा गेली, त्यांचे देव गेले. पण ही नुसती जमीन नाही एवढं त्यांचं म्हणणं आम्हाला पोचलं. पोटखराब म्हणणाऱ्यांना नाही पोचलं.

वेंगुर्लेकरीण

देवरहाटीचं, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानाचंही तेच ना? झाडाची काटकी उचलत नाहीत, कारण ती देवाची जागा. ती जमीन कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तिथे पाय ठेवताना मनात येत नाही. दादा, कौलाचं कळल्यावर गाऱ्हाण्यातल्या "मान्य करून घे"चा अर्थ मला आज नीट लागला.

खारेपाटातला

अलिबागकडून एक जोड देतो, कारण वरच्या चर्चेत 'जमीन' शब्द फारच कोरडा ठरलाय. आमची खारी शेतं खाडीशी भांडून मिळवलेली. चिखलाचे बांध घालायचे, उधाणात बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की रात्रीसुद्धा धावायचं, आणि खारं पाणी शिरलं की पुढे काही वर्षं पीक विसरायचं. इतकं करून ती सावकाराच्या, खोताच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या) नावावर. 1933 साली चरी गावातून नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं संप सुरू झाला तो 1939पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी त्या काळात शेतं पडीक ठेवली. स्वतःच्या हातानं बांधलेल्या शेतात लावणी करायची नाही, हे भातकऱ्याला किती जड जातं ते शेतकऱ्यालाच कळेल. 1937 साली बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आमच्या आजोबांच्या तोंडी देवाच्या नावासारखी होती. तिथे 'कसेल त्याची जागा' म्हणून बघा, जमत नाही. 'भूमी' तर नाहीच नाही. दादांचा जागेवाला मी मानतो, पण आमच्याकडे खोतापुढे उभं राहायला 'जमीन' हाच शब्द लागला.