दवाखान्यात बीपी १४२/९२, घरी १२६/८०: कोणतं धरायचं?

गिरगावकर: वहिनीला ३२वा आठवडा चालू आहे. नाव पालिकेच्या प्रसूतिगृहात नोंदवलंय. काल तिथे बीपी १४२/९२ निघालं, घरच्या मशीनवर १२६/८०. लघवीत प्रथिनं नाहीत. घरचा आकडा धरून चालेल का?

मापटे: घरी मोजताना ती बसते की झोपते?

गिरगावकर: डाव्या कुशीवर झोपते, मशीनचा पट्टा (कफ) उजव्या दंडाला.

मापटे: मग घरचा आकडा सोडून द्या. त्या स्थितीत उजवा दंड हृदयाच्या वर येतो आणि बीपी खोटं कमी दिसतं. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. चाळीचे जिने चढून आल्याआल्या मोजू नका. दंडाचा घेरही टेपने बघा. मशीनसोबत बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंमीचा कफ येतो; दंड जाड असेल तर तो बीपी वाढवून दाखवतो. शिवाय प्री-एक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही त्रास होतो तो आजार; लघवीतली प्रथिनं ही त्याची एक खूण) काही ऑटोमॅटिक मशीन कमीच आकडा देतात, म्हणून पुढच्या तपासणीला मशीन सोबत नेऊन तिथल्या आकड्याशी ताडून घ्या.

गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीच्या निदानाला किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर लागतं. त्यामुळे ही दुसरी मोजणी उद्यावर ढकलू नका, आजच प्रसूतिगृहात करून घ्या. १६०/११० आलं तर मात्र चार तास थांबायचं नसतं. १५ मिनिटांनी पुन्हा तेवढंच आलं तर तातडीने उपचार लागतात. घरी असाल तर १०८.

लॅबवाली: प्रथिनं नाहीत यावर विसंबू नका. बीपी वाढलेलं असताना प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या, किंवा यकृताची एन्झाइम्स वा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) बरंच वाढलं, तरी प्री-एक्लॅम्प्सियाच. या रक्ततपासण्या मागून घ्या. नुसत्या पायाच्या सुजेवरून काही ठरत नाही, ती बहुतेकींना येते. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप: यातलं काहीही झालं तर बीपी न बघता थेट प्रसूती विभागात.

सूतिका: डिलिव्हरीनंतर मोजणं थांबवू नका. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढतं आणि तोवर डिस्चार्ज झालेला असतो. घरात सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनावर, बाळंतिणीचं डोकं दुखलं की खापर जागरणावर! बीपीची नोंद असलेल्यांनी पहिल्या ७२ तासांत आणि पुन्हा ७ ते १० दिवसांनी दाखवायचंच. धोका सहा आठवड्यांपर्यंत धरा. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. माहेरी जाणार असेल तर मशीन आणि माता-बाल कार्ड सोबत द्या. तिथे कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर पहिलं वाक्य हेच: ‘डिलिव्हरी होऊन इतके दिवस झालेत.’