विषय: लॉस्ट – रविवारी शेवट, त्याआधी थोडं बोलू या

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी
शुक्रवार, २१ मे २०१०, रात्री

मंडळी, नमस्कार.

पिकनिकच्या धाग्यात लॉस्ट या टीव्ही मालिकेची चर्चा सुरू झाली आहे. पिकनिकचं पिकनिकपाशी राहू दे, म्हणून हा वेगळा विषय काढते आहे. ज्यांनी मंगळवारचा भाग अजून पाहिला नसेल त्यांनी पुढे वाचू नका, सगळं उघडपणे लिहिलंय.

रविवारी रात्री ९ वाजता एबीसीवर शेवटचा भाग. अडीच तासांचा आहे. त्याआधी ७ ते ९ मागच्या सहा सीझनची उजळणी. २२ सप्टेंबर २००४ ला ही मालिका सुरू झाली आणि गोष्टीतलं ओशॅनिक ८१५ हे विमान सुद्धा त्याच तारखेला एका बेटावर पडलं. तेव्हापासून या माणसांशी माझं नातं जडलंय, त्यामुळे आता धाकधूक होतेय.

माझं मागणं एकच आहे. मला जॉन लॉकला न्याय मिळालेला पाहायचाय. बाकीची दहा कोडी सुटली नाहीत तरी चालतील.

लॉकचं आयुष्य एकदा नीट आठवून बघा. बापाने प्रेमाचं नाटक करून त्याची किडनी काढून घेतली, पुढे त्याच बापाने त्याला आठव्या मजल्याच्या खिडकीतून ढकललं. चार वर्षं व्हीलचेअर. खोक्यांच्या कंपनीत नोकरी, वर साहेबाकडून टिंगल. ऑस्ट्रेलियात रानावनातल्या पायी सफरीवर जायला निघाला तर त्याला बसमध्येसुद्धा चढू दिलं नाही. आणि मग विमान पडतं, हा माणूस वाळूत डोळे उघडतो आणि त्याच्या पायाची बोटं हलतात. हा चौथाच भाग होता. तो संपला तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते. लॉस्ट म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं. टेरी ओक्विनने तो चेहरा असा काही उभा केलाय की २००७ चा एमी त्याला मिळाला नसता तरच नवल.

अशा माणसाचं पुढे काय केलं? बेटाने आपल्याला निवडलंय या विश्वासावर तो सगळ्यांना परत आणायला बाहेर पडला. एकानेही ऐकलं नाही. लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत तो गळफास घ्यायला निघाला, बेटावरच्या जुन्या लोकांचा म्होरक्या बेन, त्याने त्याला समजावून खाली उतरवलं आणि पाच मिनिटांत त्याच बेनने त्याचा गळा आवळला. हा भाग फेब्रुवारी २००९ चा. तेव्हापासून लॉकचं रूप घेऊन दुसराच कुणी बेटावर हिंडतोय आणि खरा लॉक पुरलेला आहे. आयुष्यभर ज्याला लोकांनी फसवलं, त्याच्या मरणानंतर त्याचा चेहराही फसवणुकीलाच वापरला. लेखकांना हे दुःख दिसत असेल तर रविवारी त्यांनी त्याचं काहीतरी केलं पाहिजे. मंगळवारच्या भागात फ्लॅश-साइडवेजमधला, म्हणजे विमान पडलंच नाही त्या दुसऱ्या दुनियेतला लॉक व्हीलचेअरवरून डॉक्टर जॅककडे येतो आणि ऑपरेशनला तयार आहे म्हणतो, तिथे मला जरा धीर आला.

आता राग कशाचा, तेही लिहिते. या सीझनमध्ये उत्तरं दिली जातात, पण अशी की हातात काही राहत नाही. जंगलातली कुजबूज पहिल्या सीझनपासून ऐकतोय आपण. तिचा खुलासा मेलेल्या मायकेलने आपल्या सहप्रवाशाला, ह्यूगोला, दोन वाक्यांत केला की हे पुढे जाऊ न शकलेले जीव आहेत, आणि लगेच पुढचा सीन. ४, ८, १५, १६, २३, ४२ या आकड्यांचंही तेच. गुहेच्या भिंतीवर नावांपुढे आकडे सापडले, लॉक ४, ह्यूगो ८, जॅक २३, इथवर मी श्वास रोखून बघत होते. पण हेच आकडे का? तर म्हणे बेटाचा राखणदार जेकब, त्याला आकड्यांची आवड होती! जे आकडे ह्यूगोने वेड्यांच्या इस्पितळात ऐकले आणि ज्यांनी पुढे त्याचं आयुष्य उलटंपालटं केलं, त्यांचं एवढंच?

आणि ११ मे चा भाग. शेवटाला दोन आठवडे उरले असताना एक अख्खा तास जेकब, त्याचा भाऊ (आता लॉकचं रूप घेतलेला तोच) आणि त्यांची आई. भावाला नाव नाही ते नाहीच. सगळ्याचं मूळ म्हणजे गुहेतला सोनेरी उजेड. पहिल्या सीझनमध्ये दुसऱ्या गुहेत सापडलेले ते दोन सांगाडे कुणाचे, हे मात्र तिथे कळलं आणि ते मला पटलं, कारण त्या उत्तरात एका मुलाने आईला मारल्याचं दुःख होतं. रिचर्डच्या भागातही तेच. म्हातारा का होत नाही, एवढाच प्रश्न होता. उत्तर देताना त्यांनी १८६७ सालचा एक गरीब नवरा दाखवला, जो बायकोचं औषध आणायला धावला आणि गुलाम होऊन जहाजात अडकला. असं उत्तर द्या, मी कितीही थांबेन.

तुम्हाला काय वाटतं, लिहा. मनापासून लिहा.

प्रेषक: नेपरव्हिलचे काका
शनिवार, २२ मे, सकाळी

अगं, तुझी मेल काकूला वाचून दाखवली. लॉकबद्दल ती तुझ्याच बाजूची आहे. मी नाही.

मी लहानपणापासून रहस्यकथा वाचत आलोय. माझा नियम साधा आहे. खून कुणी केला हे लेखकाला पहिलं पान लिहिताना माहीत असलं पाहिजे. वाचक त्या भरवशावर सोबत चालतो. या मंडळींना ते माहीत नव्हतं, हे माझं दुखणं आहे. मायकेल इमर्सनला त्यांनी तीन भागांपुरता घेतला होता, बघता बघता तोच बेन मालिकेचा कणा झाला. जॅक तर आधी पहिल्याच भागात मरणार होता. रस्ता चालता चालता ठरवला जात होता आणि आपण मात्र नकाशे काढत बसलो होतो.

तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला जॅक, केट, सॉयर पिंजऱ्यात आणि कोठडीत नुसते बसून आहेत, तेव्हाच मला शंका आली होती. मग मे २००७ मध्ये जाहीर झालं की ४८ भाग, तीन सीझन आणि २०१० मध्ये समाप्ती. मला फार बरं वाटलं. अमेरिकन टीव्हीवर चालती मालिका तीन वर्षं आधी तारीख ठरवून संपवणं सोपं नव्हतं, त्याबद्दल मी मालिकेच्या त्या दोघा मुख्य लेखकांना, लिंडेलॉफ आणि क्यूजला, मानतो. पण मग शेवट माहीत होता ना? वेळ हाताशी होता ना? तरी आख्यान सांगणाऱ्या बुवांनी पूर्वरंगात रात्र घालवावी आणि उत्तररंगाला लोक उठायच्या बेतात असावेत, तसं झालंय. अडीच तासांत जॅक, डेस्मंड, लॉकचं रूप घेतलेला तो धूर, बेट आणि शिवाय ती दुसरी लॉस एंजेलिसची दुनिया, जिथे विमान पडलंच नाही. ती दुनिया काय आहे हे अजून सांगितलेलं नाही! सोळा तास दाखवली, आणि शेवटच्या रात्रीपर्यंत झाकून ठेवली.

आणि वॉल्ट. पहिल्या सीझनच्या शेवटी भर समुद्रात तराफ्यावरून दहा वर्षांचं पोरगं उचलून नेलं. "आम्हाला मुलगा हवाय," एवढं म्हणाले. मी त्या रात्री झोपलो नाही, माझा नातू तेव्हा त्याच वयाचा होता. पाच वर्षं झाली, तो मुलगा त्यांना कशाला हवा होता हे कुणी सांगितलेलं नाही. मला कळतं की गोष्टीतले शंभरेक दिवस उलटेपर्यंत खरी तीन-चार वर्षं गेली आणि तो नट ताडमाड वाढला. पण म्हणून प्रश्नच टाकून द्यायचा?

रविवारी आम्ही दोघं बघू. आमच्याकडे ८ वाजता लागतं.

प्रेषक: कूपरटिनो, कॅलिफोर्निया
शनिवार, २२ मे, दुपारी

ताई, काका, मी एरवी या लिस्टवर फक्त वाचतो. आज लिहितोय.

माझी पहिली विनंती, इस्ट कोस्टच्या मंडळींनी कृपा करून रविवारी रात्री काहीही पाठवू नका. तुमचं ११:३० ला संपेल, आमचं तुमच्या घड्याळाने १२ ला सुरू होईल. विषयाच्या ओळीतसुद्धा कुणी मेल्याचं लिहू नका. फेब्रुवारी २००८ मध्ये डेस्मंड आणि त्याची प्रेयसी पेनी यांचा फोनचा भाग मला आधीच कळला होता आणि तो धक्का माझा कायमचा हुकला.

दुसरं सन आणि जिन या नवरा-बायकोबद्दल. कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चौथ्या सीझनच्या शेवटी ताटातूट झालेली ही जोडी या एप्रिलमध्ये भेटली, आणि लगेच पुढच्या भागात पाणबुडीत दोघं बुडाली. सन अडकली होती, जिन बाहेर पडू शकत होता, पण तिला सोडून गेला नाही. सगळे म्हणतात किती प्रेम. मला मात्र त्यांची मुलगी दिसत होती. जिनने तिला फक्त फोटोत पाहिलंय. दोघांपैकी कुणाच्याही तोंडी त्या शेवटच्या मिनिटांत तिचं नाव आलं नाही. आम्हाला दीड वर्षाची मुलगी आहे. बायको म्हणाली, मी तुला हात धरून दरवाज्याकडे ढकललं असतं. माझी इच्छा एवढीच आहे, की रविवारी कुणीतरी त्या मुलीची आठवण काढावी.

काका, वॉल्टबद्दल शंभर टक्के.

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी
शनिवार, २२ मे, रात्री

काका, बेनवरून मी तुमच्याशी भांडणार. तीन भागांसाठी आलेला नट इतका भेदक निघाला की लेखकांनी गोष्ट त्याच्याकडे वळवली, यात फसवणूक कुठे आहे? समोर जे जिवंत होतंय ते ओळखायला डोळा लागतो. बेन नसता तर लॉकच्या थडग्यापाशी उभं राहून, हा माझ्यापेक्षा चांगला माणूस होता आणि मी त्याला मारल्याचं मला फार वाईट वाटतं, हे म्हणणारं कुणी नसतं. या सीझनमधला तो माझा सगळ्यात आवडता क्षण आहे. खून करणाऱ्यानेच मयताची बाजू घेतली, आणि तीही जेमतेम चार माणसांपुढे.

तुमचं रहस्यकथेचं म्हणणं मला एका ठिकाणी मात्र पूर्ण मान्य आहे. बेटावर गर्भ राहिलेल्या बायका मरतात, हे त्यांनी तिसऱ्या सीझनमध्ये आणलं. डॉक्टर ज्युलिएटला त्यासाठीच आणलं होतं. सनच्या पोटातल्या बाळापायी आपण आठवडेच्या आठवडे जीव टांगून बसलो. पुढे गोष्ट काळात मागे जाते, तिथे १९७७ मध्ये त्याच बेटावर एथन नावाचं बाळ सुखरूप जन्मतं, म्हणजे बिघाड त्यानंतरचा. त्याच वर्षी ड्रिलिंगच्या जागी अपघात झाला, तो बॉम्ब वगैरे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, जोडायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते वाक्य कुणी म्हणत नाही. इथे मला खरंच चीड येते. बायकांच्या मरणावर अख्खा सीझन उभा करायचा आणि मग ते विसरून जायचं. ध्रुवीय अस्वलं धर्मा इनिशिएटिव्हने, म्हणजे बेटावर प्रयोग करणाऱ्या संस्थेने आणली होती, हे मात्र व्यवस्थित कळलं. अस्वलांची आठवण राहिली, बायकांची नाही.

कूपरटिनोच्या दादा, तुमचं वाचून मी तो सीन पुन्हा लावला. बरोबर आहे तुमचं. मी तेव्हा नुसती रडले होते, मुलीचा विचार माझ्याही मनात आला नव्हता. आता तो सीन मला तसा दिसणार नाही.

फ्लॅश-साइडवेजचा मी बराच विचार केलाय. डेस्मंड तिथे एकेकाला गाठतोय आणि एकेकाला काहीतरी आठवतंय. ह्यूगोला लिबी आठवली तेव्हा त्याचा चेहरा पाहिलात? ते नुसतं विमान न पडण्याचं 'असं झालं असतं तर' असेल तर मला वाईट वाटेल, कारण मग बेटावरचं सगळं पुसलं जातं. चार्लीचं बुडणं, सईदने बॉम्ब घेऊन पळत जाणं, हे घडलं ते घडलंच असलं पाहिजे. सगळे आधीच मेलेत आणि हा नरक-स्वर्गाच्या मधला मुक्काम आहे, हा तर्क पहिल्या सीझनपासून चालतो. बेटाबद्दल तो खरा नाही हे लेखकांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं आणि ते शब्द पाळतील असं मी धरून चालले आहे. बेट खरं हवं, मग बाकी काहीही दाखवा.

आणि जॅक. मंगळवारी जेकबने बेटाची राखण कुणी घ्यावी याची कुणालाही सक्ती केली नाही. गुहेच्या भिंतीवरचं केटचं नाव खोडलं कारण ती आई झाली, पण तिला हवं असेल तर तिनेही घ्यावं, तो फक्त खडूचा फराटा आहे म्हणाला. आणि जॅक आपणहून उठला. लॉकने जे त्याला वर्षानुवर्षं सांगितलं आणि त्याने धुडकावलं, तेच त्याने स्वीकारलं. उद्या तो लॉकच्याच चेहऱ्यासमोर उभा राहील. त्या वेळी त्याने एकदा तरी खऱ्या लॉकचं नाव घ्यावं, तुझं बरोबर होतं असं म्हणावं. काका, मला एवढं मिळालं तर आकड्यांचा मी हट्ट सोडते. नाही मिळालं तर सोमवारी या लिस्टवर सगळ्यात लांब तक्रार माझी असेल.

आता नियम. रविवारी रात्री ९ पासून सोमवारी पहाटे २:३० पर्यंत, आमच्या वेळेने, लिस्टवर लॉस्टबद्दल एक अक्षर नाही. फेसबुकवरही नको, तिथे निम्मं मंडळ आहे. सोमवारपासून नवीन धागा काढा, विषयात फक्त 'लॉस्ट शेवट' लिहा, आणि वर दहा-बारा ओळी मोकळ्या सोडून मग मजकूर सुरू करा. ज्यांचं रेकॉर्डिंग आहे त्यांनी बुधवारपर्यंत बघून घ्या. आमच्याकडे एडिसनला एकत्र बघायचंय त्यांनी साडेआठपर्यंत या, जेवण करून या, मी फक्त चहा आणि बटाटेवडे करणार आहे. लहान मुलांसाठी वरच्या खोलीत वेगळा टीव्ही लावते.