मदत हवी आहे : बालगृहातल्या मुलांच्या शिबिरासाठी स्वयंसेवक

जय ख्रिस्त मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरात ४० मुलांचं तीन दिवसांचं निवासी शिबिर आहे, वय १० ते १४. पाच मुलांमागे एक ताई किंवा दादा, शिवाय रात्रपाळीला दोघं, असे १० जण लागतील. तेलुगू किंवा कन्नड बोलणारं कुणी असेल तर फारच बरं.

बाल कल्याण समितीची परवानगी बालगृहाचे अधीक्षक घेतात. स्वयंसेवकांनी पोलीस पडताळणीचा दाखला आणायचा. मुलांचे फोटो स्टेटसलाही नकोत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम ओळख उघड करायला मनाई करतं. एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही.

"आईबाबा कुठे असतात?" हे विचारू नका. काही मुलं उशीखाली चपाती लपवतात. पुन्हा मिळेल याची खात्री नसते म्हणून. रागावू नका, रात्री केळी-बिस्किटांची टोपली उघडी ठेवा. काही मुलं झोपेत अंथरूण ओलं करतात. गादीवर, चादरीखाली रबरी कापड घाला, ओली चादर गुपचूप बदला.

आता अडचण सांगते. प्रार्थना ऐच्छिक आहे, मग न बसणाऱ्या मुलांना त्या पाऊण तासात काय द्यावं, जेणेकरून त्यांना वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही? आणि शेवटच्या दिवशी मुलं बिलगतात, तेव्हा "परत येईन" असं खोटं वचन न देता निरोप कसा घ्यावा? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.