मदत हवी आहे: जुनी गाडी, मुलं आणि गावाचा इतिहास

काकांची १९५४ची मॉरिस मायनर माझ्याकडे आहे. समोरची काच दोन तुकड्यांची, इंजिन ८०३ सीसीचं. वळताना दाराशेजारच्या खांबातून केशरी दांडा टुणकन बाहेर येतो (तोच इंडिकेटर!), पोरं त्यावर फिदा. पण गाडीच्या निमित्ताने गावातल्या जुन्या पुलाची गोष्ट सांगायला गेलो, तर सगळी हॉर्नपाशीच. पुलाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता १९५४च्या सुमाराचा नकाशा त्यांच्याच हातात देऊन ‘ही गाडी नवी होती तेव्हा इथे काय होतं?’ हे शोधायला लावावं म्हणतोय. आठ-दहा वर्षांच्या मुलांना नकाशा झेपेल का, की जुने फोटो बरे? गाडीत सीटबेल्ट नाहीत, त्यामुळे फिरवणार नाही. उभ्या गाडीभोवती काय काय करता येईल? कुणी केलं असेल तर सांगा.